‘संप’ म्हणजे एकी की काम बंद? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबारला आमच्या गल्लीत निम्मी घरं गुजराती बोलणारी. थोरल्याच्या लग्नात शेजारच्या काकांनी नव्या सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “संपथी रहेजो.” सून भुसावळकडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. तिनं वाकून नमस्कार केला, पण रात्री पाहुणे पांगल्यावर हळूच मला विचारलं, “नाना, ते काका मला पहिल्याच दिवशी संप करायला का सांगत होते?”

आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, पण या शब्दाकडे मी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. नंतर ही गोष्ट मी जिथे सांगितली तिथे आणखी प्रश्न आले. माजी विद्यार्थ्यांचे आले, एसटीतल्या मित्रांचे आले, बाजार समितीत हमाली करणाऱ्या एका भाच्याचेही आले. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत.

काकांनी सुनेला नेमकं काय सांगितलं होतं?

गुण्यागोविंदानं राहा, एवढंच. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकी, सलोखा, मनं जुळलेली असणं. ‘संप त्यां जंप’ ही म्हण तिकडे पोरासोरांच्याही तोंडी असते: जिथे एकी तिथे शांतता. त्याच्या उलट ‘कुसंप’ म्हणजे बेबनाव. स्वामीनारायण संप्रदायाच्या कार्यक्रमांत ‘संप, सुहृदभाव, एकता’ हे तीन शब्द एका दमात ऐकू येतात, आणि तिथे कुणाच्याही डोळ्यांपुढे लाल झेंडा येत नाही. काम बंद ठेवण्याला गुजराती माणूस ‘हडताल’ म्हणतो.

आमच्याकडे ही गंमत नकाशावरही दिसते. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच फलाटावर चालत गेलात तर एका टोकाला ‘संप आहे’ म्हटल्यावर लोक गाडी रद्द झाली का विचारतील आणि दुसऱ्या टोकाला म्हणतील, छान, भांडू नका असेच.

मराठीत ‘संप’चा अर्थ कधी ‘एकी’ होता का?

होता. कापडगिरण्यांच्या आधीच्या मराठीत संप म्हणजे जूट, मेळ, चार जणांनी ठरवून एक होणं. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. कावसजी दावरांची मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी राहिली ती १८५० च्या दशकात. म्हणजे कोशकार शब्द गोळा करत हिंडत होते तेव्हा गिरणीचा भोंगाच नव्हता, तर भोंग्याला न जुमानण्याचा शब्द कुठून असणार? शब्द मात्र होता, दुसऱ्या कामाला लावलेला.

तो जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही, आणि तो कुठे लपला आहे हे दाखवायला मला फार आवडतं. आपण म्हणतो ‘संप फुटला’. काम बंद ठेवणं ही गोष्ट फुटेल कशी? बंद सुटेल, उठेल, संपेल. फुटते ती फळी. मोडते ती एकी. ‘संपफोड्या’ या शिवीत तर हा अर्थ लख्ख दिसतो. जो कामावर गेला त्यानं कामाचं काही फोडलेलं नसतं, उलट कामच केलेलं असतं. त्यानं फोडलेली असते चार जणांची जूट. रोजच्या वापरातला अर्थ बदलला, पण सोबतच्या क्रियापदांनी जुना अर्थ धरून ठेवला.

मग एकीचं ‘काम बंद’ कसं झालं?

एकट्या कामगारानं काम सोडलं तर त्याला संप म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि फार झाले तर ‘नाव काटलं’ म्हणतात. मालकाला खाड्याची भीती नसते, दाराशी बदलीवाले उभेच असतात. त्याला भीती वाटते ती सगळ्यांनी मिळून ठरवण्याची. इंग्रज सरकारलाही तीच वाटत होती. ब्रिटनमध्ये १७९९ आणि १८०० साली जे कायदे झाले त्यांनी काम थांबवण्याच्या आधी कामगारांच्या एकत्र येण्यालाच गुन्हा ठरवलं. १८२४ साली ते रद्द झाले.

तेव्हा गिरण्या आल्यावर आपल्या लोकांनी नवा शब्द शोधला नाही. ‘कामगारांनी संप केला’ याचा आधीचा अर्थ त्यांनी आपसात जूट केली. ती जूट कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढचं वाक्य बोलायची गरज उरली नाही. हळूहळू न बोललेलं वाक्यच शब्दाचा अर्थ होऊन बसलं.

मराठीत असं पुष्कळदा झालंय. ‘मोर्चा’ आधी लढाईतला, तोफा रोखून धरण्याचा. आता बायामाणसं घोषणा देत कलेक्टर कचेरीवर नेतात तो मोर्चा. ‘धरणं’ आधी सावकार कुळाच्या दारात बसून धरत असे, येणं वसूल होईपर्यंत. आता कूळच सरकारच्या दारात बसतं.

दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात पाहायचे असतील तर मुंबईतला १८९० चा न्हाव्यांचा संप आठवावा. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं न्हाव्यांनी ठरवलं, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. हेच लोखंडे १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, आणि त्याच १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे. न्हाव्यांना कुणी मालक नव्हता, पगारवाढ मागायची नव्हती. त्यांनी जूट केली आणि वस्तरा खाली ठेवला. याला एकी म्हणा की काम बंद, दोन्ही बरोबर.

‘संप’ आणि ‘संपणे’ यांचा काही संबंध?

कानाला जवळचे वाटतात, पण अर्थानं नाहीत. संप म्हणजे कामाचा शेवट नव्हे. उलट काम पुन्हा सुरू व्हावं, पण बऱ्या पगारावर, यासाठीच तो असतो.

कोटी मात्र कामगारांनीच पुष्कळ वेळा केली आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मिटला असंही म्हणता येत नाही आणि फुटला असंही धड नाही, तो विरला. त्यानंतर ‘संप संपला नाही, आम्ही संपलो’ हे वाक्य गिरणगावातून आमच्याकडे नातलगांच्या पत्रांतून यायचं. माझ्या मते या शब्दावरची कोटी कधीच विनोदी नव्हती.

बाकीच्या भाषा याला काय म्हणतात?

या प्रश्नाला मी जरा वेळ देणार आहे, कारण मराठीचं वेगळेपण इथेच कळतं.

इंग्रजीतला ‘स्ट्राइक’ हा खलाशांचा शब्द. १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीच्या भांडणात जहाजांची शिडं खाली उतरवली. शीड उतरवणं याला त्यांच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. शीड नाही तर जहाज हलणार नाही. नंतर ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही ते विणकर आणि खाणकामगारही ‘स्ट्राइक’ करू लागले. पुष्कळांना वाटतं की तो ‘प्रहार’ या अर्थाचा शब्द आहे. पण सुरुवात एक दोर सैल करण्यानं झाली.

फ्रेंचांचा शब्द ‘ग्रेव्ह’. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी वाळू-खड्यांचा एक चौक होता, प्लास द ग्रेव्ह. काम शोधणारे मजूर तिथे सकाळी उभे राहत. आपल्याकडे जळगाव, धुळ्याला सकाळी मजूर ज्या नाक्यावर डबा घेऊन उभे असतात, अगदी तसाच. ‘ग्रेव्हवर असणं’ म्हणजे आधी काम शोधणं. पुढे त्याचा अर्थ झाला मुद्दाम काम न करणं. हातात काम नसणारा आणि काम नाकारणारा, दोघे एकाच चौकात उभे राहिले आणि चौकाचं नाव दुसऱ्याला मिळालं.

हिंदी-गुजरातीतला ‘हडताल’ बाजारपेठेतला. हट्ट म्हणजे दुकान (आपला आठवड्याचा ‘हाट’ त्याचाच), आणि ताल म्हणजे टाळं. दुकानाला टाळं लावणं. म्हणून तो मुळात व्यापाऱ्यांचा शब्द. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला गांधीजींनी देशभर पुकारलेला हरताळ याच जातीचा.

आता चारही शब्द शेजारी ठेवा. इंग्रजांनी शिडाच्या दोराचं नाव दिलं, फ्रेंचांनी चौकाचं आणि हिंदीनं कुलपाचं. मराठीनं दिलं ते माणसांच्या ठरावाचं. काम बंद पडण्याच्या आदल्या रात्री चाळीत, पारावर किंवा मिलच्या मागच्या गल्लीत जे झालं, त्याचं नाव आपल्या भाषेनं दुसऱ्या दिवशीच्या शांततेला दिलं. मला याचा थोडा अभिमान वाटतो, शिक्षकाचा दोष म्हणा हवं तर.

‘हरताळ पाळणे’ आणि ‘हरताळ फासणे’ यातला हरताळ एकच का?

नाही. पाळायचा हरताळ वर सांगितला तो, टाळ्याचा. फासायची हरताळ हा पिवळा, सोमल असलेला विषारी खनिज पदार्थ, संस्कृतात हरिताल. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळीचा लेप देत आणि वर नवं अक्षर लिहीत. म्हणून ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणजे नियम पुसून टाकले. नियमांनी संप केला नव्हता.

खान्देशात हा शब्द रुजला कसा? इथे तर सगळी शेती.

सगळी शेती कशी? कापूस पिकतो तिथे गिरणी येतेच. जळगावची खान्देश मिल मूळजी जेठा या घराण्याची, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही एम. जे. म्हणून ओळखलं जातं. अमळनेरला प्रताप शेटजींची प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप, चाळीसगावलाही गिरणी. आमच्या अहिराणीत त्या सगळ्या ‘मील’. दिवसाची तीन टोकं भोंग्यावर ठरत. पाळी, बदली, साचा, मुकादम हे शब्द शेतकऱ्याच्या पोरांनी मिलमध्ये उचलले आणि त्यांच्याबरोबर ‘संप’ही घरी आणला. भोंगा वाजला आणि गल्लीतून पावलांचा आवाज आला नाही की आजी विचारायची, “आज संप शे का?”

अमळनेरचं नाव घेतलं की साने गुरुजी येतातच. १९२४ ते १९३० ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढलं आणि गिरणी कामगारांतही काम केलं. ‘मुलांचे साने गुरुजी’ एवढंच ठाऊक असलेल्यांना हे सांगावं लागतं.

त्याच १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं. कामगार त्याला काळं बिल म्हणत. डॉ. आंबेडकरांनी सभागृहात मांडलं की संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, आणि ७ नोव्हेंबरला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं आणि इतर संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ‘संप’ या शब्दाला ‘हक्क’ हा शब्द चिकटला तो अशा लढ्यांतून. त्याआधी मालकाच्या तोंडी तो ‘फितुरी’च्या शेजारचा शब्द होता.

आणि भुसावळ! ते तर रेल्वेचंच गाव. जीआयपी रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर, १८९९ मध्ये सिग्नलवाल्यांनी संप केला तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’नं त्यांची बाजू घेतली होती. १९३० मध्ये याच रेल्वेवर पुन्हा मोठा संप झाला. पण आमच्या पिढीत नुसतं ‘तो संप’ म्हटलं की एकच: ८ मे ते २७ मे १९७४, जॉर्ज फर्नांडिस, देशभरातले सुमारे सतरा लाख कामगार. माझे एक मामा लोकोशेडला होते. घरातल्या सगळ्या गोष्टींच्या तारखा ते त्याच्यावरूनच सांगत. धाकटी संपाच्या आधीची, थोरल्याची मुंज संपानंतरची. माझ्या सुनेच्या कानात हा शब्द असा बसलेला. मग काकांचा आशीर्वाद ऐकून ती दचकली यात नवल ते काय.

सालदार संप करू शकतो का?

आजच्या पोरांना आधी सालदार सांगावा लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करार, पुढच्या आखाजीपर्यंत एकाच शेतकऱ्याकडे राबायचं, धान्य आणि थोडे पैसे. मध्येच उठून जायची सोय नाही, कारण उचल आधीच घेऊन खाल्लेली. असा माणूस एकटा असतो आणि वस्तीही विखुरलेली. जूट करायला लागणारा चौकच त्याच्याकडे नाही.

तरी ते झालं, आणि आमच्याच जिल्ह्यात झालं. शहादा-तळोदा पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंतींनी भिल्ल आदिवासींना बोलतं केलं, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मिळवणं, सालदारांना आणि शेतमजुरांना नीट मजुरी मिळणं या मागण्या होत्या आणि त्यासाठी शेतमजुरांनी संपही केले. दारूविरुद्ध बायका उभ्या राहिल्या त्याही याच चळवळीत. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले. गिरणीतला शब्द शेताच्या बांधावर आला तो त्या वर्षांत. बांधावर तो जास्त मूळ अर्थाच्या जवळ होता, असं मला वाटतं. गिरणीत हजार माणसं भोंग्यानंच एकत्र आणलेली असतात. विखुरलेल्या पाड्यांवरच्या माणसांना आधी एक व्हावं लागलं, काम थांबवणं ही पुढची गोष्ट.

व्यापारी लिलाव थांबवतात तेव्हा त्याला संप का म्हणत नाहीत?

हा प्रश्न बाजार समितीतल्या माझ्या भाच्याचा. त्याचं म्हणणं असं: “आम्ही हमाल बसलो तर पेपरात ‘हमालांचा संप, शेतकऱ्यांचे हाल’. व्यापारी बसले तर ‘लिलाव बंद’. जणू लिलावच दमून झोपला.”

त्याचं खरं आहे. संपाला कर्ता लागतो, ‘बंद’ला लागत नाही. उत्तर दोन ओळींत संपलं, पण पेपर वाचताना यापुढे लक्ष ठेवा.

शेतकऱ्यांचा संप हा शब्द बरोबर होता का? त्यांना मालक कोण?

१ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपाच्या वेळी हा वाद आमच्या कट्ट्यावर आठवडाभर चालला. दूध रस्त्यावर, भाजी बाजारात नाही. एक पक्ष म्हणे, मालकच नाही तर संप कसला, याला असहकार म्हणा. त्या महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, पण शब्दाचा वाद तसाच राहिला.

माझं मत तेव्हाही ‘बरोबर’ असंच होतं. एक तर अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचंच नाकारलं, नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं, आणि त्याला सगळे ‘चरीचा संप’च म्हणतात. दुसरं म्हणजे मूळ अर्थ घेतला तर मालक लागतच नाही, लागते ती जूट. पुणतांब्यानंतर पंधरा दिवसांत ती जूट किती राहिली, हा वेगळा प्रश्न. आमच्याकडे केळीवाल्यानं घड तोडायचा थांबवला तर केळी थांबत नाही, पिकते. नाशवंत मालाचा संप फार लांबवता येत नाही.

‘टाळेबंदी’ म्हणजे लॉकडाऊन ना?

२०२० नंतर जन्मलेल्या मराठीत, हो. त्याआधी नाही.

संप कामगार करतो आणि टाळेबंदी मालक करतो. कामगारांना नमवण्यासाठी मालक स्वतःच दाराला टाळं लावतो आणि म्हणतो, आधी अटी मान्य करा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या होती तशीच टाळेबंदीचीही होती. आमच्या लहानपणी ‘मीलमध्ये टाळेबंदी’ हे दोन शब्द फाटकावरच्या नोटिशीत असले की किराणा दुकानदाराची उधारीची वही बंद व्हायची.

मग २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांना लॉकडाऊनला प्रतिशब्द हवा होता, आणि रिकामा पडलेला हा शब्द हाताशी होता. गिरण्या गेल्या होत्या, टाळेबंदी ऐकलेले कान म्हातारे झाले होते. दोन-चार आठवड्यांत शब्दाचा मालक बदलला. आता मी वर्गात ‘१९८० च्या दशकातली टाळेबंदी’ म्हटलं तर पोरं विचारतात, तेव्हा कुठला व्हायरस होता?

मला हे बोचतं. जुन्या टाळेबंदीत कुणीतरी कुणावर तरी टाळं लावलेलं होतं आणि दोघांची नावं ठाऊक होती. नव्या अर्थात टाळं नुसतंच लागतं. एक गंमत मात्र राहते: हडतालातही टाळं आणि टाळेबंदीतही टाळं. किल्ली कुणाच्या खिशात, एवढाच फरक.

कर्मचारी हल्ली ‘संप’ म्हणायचं का टाळतात?

कारण हा शब्द उच्चारला की कायदा जागा होतो. अत्यावश्यक सेवा असेल तर ‘मेस्मा’, म्हणजे अशा सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा लागतो. सरकारी नोकराला संपाचा हक्कच नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे. वरणगाव आणि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या लोकांना विचारा, २०२१ मध्ये संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदीसाठी स्वतंत्र कायदाच झाला.

म्हणून शब्दांचा खेळ सुरू झाला. लेखणीबंद. काळी फीत. सामूहिक रजा. कामबंद आंदोलन. यातला मला सगळ्यांत अस्सल वाटलेला शब्द एसटी कर्मचाऱ्यांचा. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण व्हावं म्हणून गाड्या थांबल्या, तेव्हा कर्मचारी म्हणाले, हा संप नाहीच, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांसाठी आम्ही दुखवटा पाळतोय. डेपोत मंडप, समोर उभ्या लाल गाड्या आणि रस्त्यावर काळी-पिवळीवाल्यांची चंगळ. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लोक कामावर परतले. तोवर पाच-साडेपाच महिने झाले होते. दुखवट्याला कुठलं कलम लावणार? पण निलंबनाच्या नोटिसा निघाल्याच, आणि त्या लिहिणाऱ्यांनी ‘संप’ हाच शब्द वापरला.

कायदाही आता शब्दांच्या मागे धावतोय. औद्योगिक संबंध संहिता २०२० ची, अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात एखाद्या दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला आहे, आणि संपासाठी १४ दिवस आधी नोटीस सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे. पूर्वी अशी नोटीस लोकोपयोगी सेवांपुरती होती.

या व्याख्येत मजा बघा. पन्नास टक्के लोक रजेवर असणं पुरेसं नाही, ती ‘ठरवून’ घेतलेली हवी. म्हणजे रजा ही रजाच, तिच्यात जूट मिसळली की संप. दोनशे वर्षं फिरून कायदा पुन्हा आमच्या जुन्या मराठी अर्थापाशी येऊन उभा राहिला. तसं करायचा त्याचा हेतू नसावा.

बहिष्कार आणि घेराव हेही संपाचेच भाऊ का?

चुलत म्हणा. ‘बॉयकॉट’ हे एका माणसाचं आडनाव, आयर्लंडमधल्या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट, १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. आपल्याला तो शब्द लागला नाही, वाळीत टाकणं आपल्याला आधीपासून चांगलंच येत होतं. ‘घेराव’ मात्र भारताची निर्यात. १९६७ मध्ये बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार असताना तो इतका गाजला की इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला.

‘मिक्सरनं संप पुकारला’, ‘पावसानं संप केला’ हे शुद्ध मराठी आहे का?

शुद्ध आहे, रूढ आहे, मीही वापरतो. फक्त एक लक्षात घ्या. मिक्सर एकटा आहे. ज्या शब्दाचा अर्थच ‘चार जणांचं एक होणं’ होता तो आता एकट्या यंत्रालाही चालतो. ‘आज माझा संप, मी स्वयंपाक करणार नाही’ असं घरची बाई म्हणते तेव्हाही तेच. खरं तर तो खाडा. पण बायकांच्या खाड्याला घरात जागाच नसते, म्हणून त्या मोठा शब्द वापरत असाव्यात.

शेवटी सूनबाईनं काकांना काय उत्तर दिलं?

त्या दिवशी काहीच नाही. अर्थ कळल्यावर मात्र तिनं तो चांगला वापरला. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ती आणि तिची सासू सकाळपासून स्वयंपाकघराला हात लावत नाहीत. आम्ही बापलेक चौकातून फाफडा आणतो. काका ओट्यावर बसलेले असतात, हातातली पुडी बघून विचारतात, घरी सगळं ठीक ना? आतून सुनेचा आवाज येतो, “हो काका, आमच्याकडे संप चालू आहे.” काका खूश होऊन मान डोलावतात.